रायझन ५६०० ओव्हरक्लॉक करायचाय, तर नाशिकच्या एप्रिलमध्येही टिकेल असा करा

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडकोत राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाकडे रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०६०, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि प्रोसेसरच्या बॉक्समध्येच आलेला कूलर आहे. तो ब्लेंडर आणि व्हिडिओ एडिटिंग करतो, रात्री गेम खेळतो. खोली वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली, एसी नाही. एका व्हिडिओत सगळे कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४.७ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४ वर फिक्स करायला सांगितलंय. "दादा, हे केलं तर चालेल का? नसेल चालत तर सेफ पद्धत कोणती?"

१.४ व्होल्ट फिक्स करू नकोस. बाकी सगळं पुढे सविस्तर सांगतो, पण एवढं आधी ऐक. त्या कूलरवर, त्या खोलीत, सगळ्या कोरवर सतत १.४ व्होल्ट दिलेस तर प्रोसेसर पहिल्या रेंडरलाच तापमानाच्या मर्यादेला भिडेल आणि स्वतःच वेग कमी करेल. म्हणजे व्होल्टेज वाढवून तुला वेग मिळणारच नाही, आणि चिप मात्र झिजत राहील.

तू म्हणशील, काही न करताही एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १.४ च्या वर व्होल्टेज दिसतं, मग ते कसं चालतं? बरोबर आहे, दिसतं. पण ते कधी दिसतं ते बघ. एक-दोन कोरवर हलकं काम असताना, करंट अगदी थोडा असताना. त्या क्षणी चिप स्वतःच तापमान, करंट आणि व्होल्टेज मोजून ठरवते की आत्ता एवढं चालेल. सगळ्या सहा कोरवर काम पडलं की तीच चिप व्होल्टेज १.२ च्या आसपास खाली आणते. तू हाताने आकडा फिक्स केलास की ही अक्कल बंद पडते, पॉवरच्या मर्यादाही बाजूला होतात. हलक्या कामात चालणारं व्होल्टेज पूर्ण करंटसकट तासन्‌तास वाहायला लागतं. चिप खराब होते ती या जोडीने: जास्त व्होल्टेज, जास्त करंट, आणि वर उष्णता. एका दिवसात मरत नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्या सेटिंगवर मशीन निवांत चालायचं, त्याच सेटिंगवर ते आता रीस्टार्ट व्हायला लागतं आणि स्थिर ठेवायला आणखी व्होल्टेज मागतं. ही झीज परत भरून येत नाही.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसर खातो ती पॉवर ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागतात आणि ४.६ ला १.३५. वेग वाढला साधारण साडेचार टक्के. पॉवर वाढली जवळजवळ ३२ टक्के. वीस मिनिटांच्या रेंडरमध्ये तुझी बचत जेमतेम ५० सेकंदांची, आणि त्यासाठी वीस मिनिटं एक तृतीयांश जास्त उष्णता खोलीत. हाच हिशोब उलटा केला की मार्ग दिसतो. व्होल्टेज थोडं कमी करता आलं तर तेवढ्याच वॅटमध्ये चिप स्वतःहून वर चढते. आजच्या रायझनवर मी याच वाटेने जातो, गिऱ्हाइकांच्या मशीनवरही.

कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चिपला कंपनी थोडं जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवते, कारण त्याच मॉडेलची सगळ्यात कमजोर चिपसुद्धा, स्वस्त बोर्डावर आणि गरम खोलीत, चालली पाहिजे. तुझी चिप त्यापेक्षा बरी असेल तर ती राखीव जागा तुझी आहे. ती किती आहे हे कुठल्याही व्हिडिओतला आकडा सांगू शकत नाही, कारण त्या माणसाची चिप वेगळी. ती मोजावी लागते, आणि आपल्याकडे ती उन्हाळ्यात मोजावी लागते.

हे उन्हाळ्याचं प्रकरण नीट समजून घे, कारण परदेशातले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचं इथेच चुकतं. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या वर एका ठरावीक फरकावर ठेवतो. त्याच लोडला, त्याच पंख्याच्या वेगाला हा फरक जवळजवळ तेवढाच राहतो. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा तुझ्या खोलीत संध्याकाळी २० अंश असतील. तेव्हा लोडवर प्रोसेसर ७२ दाखवत असेल तर फरक ५२ चा. एप्रिलच्या अखेरीस बाहेर ४० आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला, खोलीत सहज ३७-३८. त्यात ५२ मिळव. ९० झाले, आणि ५६०० ची मर्यादाच ९० अंश आहे. जानेवारीत अगदी उत्तम वाटलेलं सेटिंग एप्रिलमध्ये भिंतीला टेकतं. शिवाय गरम चिपला त्याच वेगासाठी स्थिर राहायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे थंडीत काठावर पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात क्रॅश होऊ शकतं, मर्यादा गाठायच्या आधीच.

सातपूरच्या एका टूलरूममधलं मशीन माझ्याकडे असंच आलं होतं. कॅमचं सॉफ्टवेअर, म्हणजे मोठ्या डाय कापताना हत्यार कसं फिरेल तो मार्ग (टूलपाथ) काढायचं काम. कोणीतरी थंडीत ओव्हरक्लॉक करून दिलेलं, तीन महिने तक्रार नाही. एप्रिल लागला आणि टूलपाथ अर्ध्यावर असताना मशीन रीस्टार्ट व्हायला लागलं. त्यांना वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या लॉगमध्ये 'व्हीआ-लॉगर' नावाच्या नोंदी होत्या, आयडी १८. ही नोंद म्हणजे प्रोसेसरने स्वतः कबूल केलेली चूक, जी दुरुस्त करता आली नाही. नोंद उघडली की खाली 'प्रोसेसर एपीआयसी आयडी' म्हणून आकडा असतो, त्यावरून कुठला कोर लंगडतोय ते लागतं. प्रत्येक वेळी एकच कोर होता. त्या एका कोरचं कमी केलेलं व्होल्टेज परत मूळचं केलं, हीटसिंकमधला धुळीचा थर काढला, आणि मशीन पुढे चालत राहिलं. त्या काळात सेव्ह झालेल्या दोन फाइली मात्र उघडल्या नाहीत, आणि ते नुकसान रीस्टार्टपेक्षा मोठं होतं. अस्थिर मशीन बंद पडतं तेव्हा निदान कळतं. बंद न पडता चुकीचं लिहितं तेव्हा कळत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी कॉलेजचा प्रोजेक्ट, फोटो, एडिटिंगचं फुटेज, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, आणि ती डिस्क काढून ठेव.

आता तुझ्या मशीनकडे येऊ.

सगळ्यात आधी टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर आणि रॅमचा वेग बघ. रॅमवर ३२०० लिहिलेलं असून तिथे २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेला वेग देणारी सोय) बंद आहे. असेंबल करून दिलेल्या कितीतरी मशीनमध्ये ते बंदच असतं. दुसरं, दोन्ही रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का ते बघ. चार खाचांच्या बोर्डावर शेजारी-शेजारी लावल्या असतील तर ड्युअल चॅनल (दोन्ही रॅम एकाच वेळी वापरणं) चालत नसणार. गेममध्ये या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा २०० मेगाहर्ट्झने पडत नाही. एक्सएमपी हेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच आहे, म्हणून ते चालू केल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालव. एकही चूक आली तरी ती चूकच. "एकच आली" असं म्हणून पुढे जायचं नाही. रॅम आधी पक्की कर, मग प्रोसेसरला हात लाव. दोन्ही एकदम बदललं तर क्रॅश कोणामुळे झाला हे शोधण्यात आठवडा जातो.

दुसरी गोष्ट कूलर. बॉक्समधला कूलर ५६०० च्या मूळ सेटिंगसाठी पुरतो, त्याच्या पुढे नाही. चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा टॉवर कूलर दीड-दोन हजारांत मिळतो, एम. जी. रोडला किंवा ऑनलाइन. पाण्याच्या कूलरची या प्रोसेसरला गरज नाही. ते पैसे एसएसडीला घाल.

जुना कूलर काढताना मात्र जपून. तुझ्यासारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली पिना असतात, आणि सॉकेटचा दांडा बंद असला तरी जोराने ओढल्यावर प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली की फेविकॉलसारखी धरते. पिना वाकतात, एखादी तुटते, आणि मग प्रोसेसर गेला. म्हणून मशीन दहा-पंधरा मिनिटं एखाद्या गेमवर किंवा सिनेबेंचवर (प्रोसेसरला कामाला लावून स्कोअर देणारं सॉफ्टवेअर) तापव, बंद कर, मेन स्विच काढ, आणि पेस्ट मऊ असतानाच काम कर. चारही स्क्रू एक एक फेरा, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ढिले कर. ते सुटले की बोर्डामागची धातूची पट्टी सैल होऊन पडते, ती मागून बोटाने धरून ठेव, नवीन कूलरला बहुतेक वेळा तीच लागते. मग कूलर सरळ वर ओढायचा नाही. डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवायचा, जागचा हलला असं हाताला जाणवलं की मगच उचलायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्याच्या कापडाने पुसून घे, नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी मधोमध. लिक्विड मेटल आणू नकोस. ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं.

कॅबिनेट कुठे ठेवलंय हेही बघ. टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, समोर बंद काच असलेलं कॅबिनेट म्हणजे आतली गरम हवा आतच. पुढून निदान एक पंखा आत, मागून एक बाहेर. आणि धूळ. सध्या रस्त्यांची खोदकामं जिथे चालू आहेत तिथली बारीक धूळ दोन महिन्यांत फिल्टर बुजवते. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, हवेच्या झोताने तो उलटासुलटा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

तिसरी गोष्ट वीज. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर तुझ्या प्लगला अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आत मेनच्या दोन्ही तारांमधून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते, नसेल तर कॅबिनेटवर बसते. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास आहे. वायरमनला बोलावून तपासून घे, हे काम स्वतः करू नकोस, आणि ते होईपर्यंत ओव्हरक्लॉकचा विषय बाजूला ठेव.

यूपीएस ६०० व्हीए चा असेल तर तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. तुझं ग्राफिक्स कार्ड १७० वॅटचं, प्रोसेसर मूळ सेटिंगला ७६, बोर्ड-रॅम-पंखे मिळून ५० धर, एसएमपीएसमधली घट आणि मॉनिटर मिळवला की गेम किंवा रेंडरच्या भरात तू ३६० च्या वर आहेस. लाईट गेली की यूपीएस वाचवणार नाही, तोच टीं-टीं करत बंद पडेल. ओव्हरक्लॉकने ही बेरीज आणखी वाढते. रेंडर रात्रभर लावत असशील तर १००० व्हीए चा घे. बायोस अपडेट करायचं असेल तर तेही यूपीएसवर, मशीनवर दुसरा काही लोड नसताना, आणि पाऊस-वाऱ्याच्या संध्याकाळी नाही.

हे सगळं झालं की वहीत मूळ आकडे लिहून काढ. वही म्हणतोय ती खरीखुरी कागदाची. मशीन चालू होत नसेल तेव्हा मशीनमधली नोंद काय कामाची? खोलीचं तापमान, सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवल्यावरचा मल्टी-कोर स्कोअर, सर्वांत जास्त तापमान, सगळ्या कोरचा टिकून राहिलेला वेग, पॉवर. ५६०० चा स्कोअर साधारण साडेदहा-अकरा हजारांच्या आसपास यायला हवा. बराच कमी येत असेल तर आधीच काहीतरी चुकतंय, बहुधा तापमान.

मग बायोस. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमध्ये (पीबीओ, चिपच्या मर्यादा बदलायची एएमडीची सोय) जा, 'ॲडव्हान्स्ड' निवड. तिथे तीन मर्यादा दिसतात: पीपीटी, टीडीसी, ईडीसी. पहिली एकूण वॅटची, दुसरी सतत वाहणाऱ्या करंटची, तिसरी क्षणिक करंटची. तुझ्या चिपच्या मूळ मर्यादा ७६ वॅट, ६० अँपिअर, ९० अँपिअर. नुसतं 'एनेबल्ड' किंवा 'मदरबोर्ड लिमिट' असं ठेवलंस तर बोर्ड या मर्यादा प्रचंड वर नेतो, आणि मग कूलरच काय ती मर्यादा उरते. म्हणून आकडे हाताने भर. टॉवर कूलर असेल तर पीपीटी ९५, टीडीसी ७०, ईडीसी १०० पासून सुरुवात कर. बॉक्सचा कूलरच ठेवणार असशील तर या मर्यादा मूळच राहू दे आणि फक्त पुढची पायरी कर. तिथेच तापमानाची मर्यादा भरायला एक रकाना असतो, 'थर्मल थ्रॉटल लिमिट'. त्यात ८५ भर. मग एप्रिलमध्येही चिप ८५ ला स्वतः वेग कमी करेल, ९० पर्यंत जाणार नाही. ही एक ओळ मी प्रत्येक मशीनमध्ये भरतो.

आता खरं काम, कर्व्ह ऑप्टिमायझर. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं याचा जो आलेख चिपमध्ये भरलेला असतो, तो पूर्ण आलेखच खाली सरकवायची ही सोय. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. 'ऑल कोर', 'निगेटिव्ह', १० भर, सेव्ह कर, विंडोजमध्ये ये. सिनेबेंच चालव. तापमान तेवढंच किंवा कमी, आणि स्कोअर थोडा वर गेलेला दिसेल. व्होल्टेज कमी झालं, त्याच वॅटमध्ये चिपला वर चढायला जागा मिळाली. मग १५, मग २०. लोक एकदम ३० टाकतात, कारण ५००० मालिकेत तेवढंच शेवटचं टोक आहे. काही चिपना तेही झेपतं, पण तपासल्याशिवाय नाही.

तपासणीतली फसवी जागा ही. कर्व्ह ऑप्टिमायझरची चूक जड लोडवर सहसा दिसत नाही. सगळे कोर कामाला लागले की वेग आधीच खाली असतो, तिथे व्होल्टेजची कमतरता जाणवत नाही. चूक दिसते ती मशीन जवळजवळ रिकामं असताना, एकच कोर क्षणभर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतो तेव्हा. दोन तास प्राइम९५ ही जड लोडची चाचणी पास, आणि मग डेस्कटॉपवर नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन रीस्टार्ट. म्हणून कोअरसायक्लर वापर. ते एका वेळी एकाच कोरवर प्राइम९५ चालवतं आणि पुढच्या कोरवर जातं, चूक आली तर कोणत्या कोरवर आली ते लिहून ठेवतं. रात्रभर लाव. सकाळी ज्या कोरचं नाव यादीत असेल त्याची सवलत, म्हणजे निगेटिव्हमध्ये भरलेला आकडा, ५ ने कमी कर, बाकीच्यांची तशीच ठेव. बहुतेक वेळा चिपचे जे दोन सर्वांत चांगले कोर असतात तेच कमी सवलत झेलतात, कारण त्यांना आधीच कमी व्होल्टेज दिलेलं असतं आणि सगळ्यात वर तेच जातात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोरच्या नावापुढे क्रम दिसतो, तो बघून त्या दोघांना १० आणि बाकीच्यांना २०, असं धरून सुरुवात केलीस तर वेळ वाचेल.

इथे आणखी एक गोष्ट तपासायची. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोरचा वेग दोन ठिकाणी दिसतो, एक नेहमीचा आणि एक 'इफेक्टिव्ह क्लॉक'. पूर्ण लोडवर दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत. पहिला ४.५ दाखवतोय आणि दुसरा ४.३, तर व्होल्टेज अपुरं आहे आणि चिप क्रॅश होण्याऐवजी आतल्या आत ठोके ताणून वेळ मारून नेतेय. आकडा छान दिसतो, काम हळू होतं. स्कोअर वहीतल्या मागच्या ओळीपेक्षा कमी आला असेल तर मागे ये.

सगळ्यात शेवटी, हवं असेल तर, 'बूस्ट क्लॉक ओव्हरराइड'. हे २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येतं, म्हणजे ४.४ चं ४.६. मी १०० पासून सुरू करेन. हे वाढवलं की कर्व्हची तपासणी पुन्हा पहिल्यापासून, कारण कोर आता आणखी उंच जागी उभे असतात आणि २० ला पास झालेला कोर १५ मागू शकतो. तुझ्या मशीनवर मी ४.५ आणि कर्व्ह सरासरी १५, एवढ्यावर थांबेन.

एलएलसी म्हणजे लोड-लाइन कॅलिब्रेशन 'ऑटो'वरच राहू दे. घरात मिक्सर चालू केला की दिवा क्षणभर मंदावतो, तसं प्रोसेसरवर एकदम काम पडलं की व्होल्टेज थोडं पडतं, आणि हे पडणं मुद्दाम ठेवलेलं असतं. ते पूर्ण घालवायला गेलास तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळतं, आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोला दिसतसुद्धा नाही. बेस क्लॉकचे, म्हणजे सगळ्या वेगांचा पाया असलेले, १०० मेगाहर्ट्झही हलवू नकोस, त्यावर पीसीआय एक्सप्रेससकट इतर गोष्टी अवलंबून असतात. आणि बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधलं एका क्लिकचं ओव्हरक्लॉक कधीच नको. त्याला सगळ्या चिप पास करायच्या असतात, म्हणून ते सढळ हाताने व्होल्टेज ओततं.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात. नावात आकड्यांनंतर के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड असेल तरच मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) वाढवता येतो. बी मालिकेच्या बोर्डावर पैसे आणि वेळ घालवू नका. १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर असतील तर ओव्हरक्लॉकच्या आधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे त्यातल्या काही चिप कायमच्या खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून त्यावरचे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) आले, आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही अडचण कोणी ओव्हरक्लॉक न करताही आली होती. रायझन ७००० च्या काही एक्स३डी चिप २०२३ मध्ये जळाल्या, तिथेही बोर्डांनी आपल्या मनाने चढवलेलं एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या कोरबाहेरच्या भागांना मिळणारं) हेच कारण निघालं, आणि एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्डाच्या 'ऑटो'वर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हे दोन्हीकडे सारखं. ए३२०, ए५२० बोर्डावर रायझन असला तरी प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, तेवढं खरेदीच्या वेळी बघा.

वॉरंटीचं: एएमडी ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही, आणि पीबीओ हेही त्यातच येतं. तुझी चिप अजून वॉरंटीत असेल तर हे जाणून कर.

सगळं पास झालं की बायोसमध्ये सेटिंग प्रोफाइल म्हणून सेव्ह कर आणि वहीत लिही. नंतर निदान दोन आठवडे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अधूनमधून डोकाव. व्हीआ-लॉगरची १९ नंबरची नोंद म्हणजे चूक झाली पण सावरली, ती दिसू लागली तरी थांबायचं, १८ ची वाट बघायची नाही. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारला, पंख्याशिवाय दुसरं काही चालू नसताना, कोअरसायक्लर आणि सिनेबेंच पुन्हा एकदा चालव. तेव्हा पास झालेलं सेटिंग वर्षभर ठेव. तेव्हा नापास झालं तर कर्व्ह ५ ने मागे घे. थंडीत पुन्हा वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.

कधी सेटिंग सेव्ह केल्यावर स्क्रीनच आली नाही तर घाबरू नकोस. बरेच बोर्ड तीन-चार वेळा स्वतः बंद-चालू होऊन मूळ सेटिंगवर परत येतात, तेवढा वेळ त्याला दे. नाही आलं तर एसएमपीएसचा मागचा स्विच बंद कर, केबल काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, आणि बोर्डावरच्या 'क्लिअर सीमॉस' लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकव. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी दहा मिनिटं काढून परत लाव. ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असली तर आधी कार्ड काढ, खाचेची खिट्टी दाबून, ओढाताण न करता. मशीन मूळ सेटिंगवर चालू झालं की तारीख-वेळ दुरुस्त कर आणि एक्सएमपी परत लाव, नाहीतर रॅम गुपचूप २४०० वर चालत राहील.